पाण्याच्या जोरावर निघणारे तेल : लहान तेल-कंपनीत पैसा गुंतविण्यापूर्वी पाहावयाचा हिशेब

तेल ही वस्तू आपल्या व्यापारी समाजाला परकी नाही. सभासदांपैकी कित्येकांच्या घराण्यात तेलबिया व पेंड यांचा व्यवहार आजोबा-पणजोबांपासून चालत आला आहे, आणि माळव्याच्या काळ्या जमिनीत सोयाबीनने पाय रोवल्यापासून तर तेलाचा भाव हा भोपाळच्या बाजारात रोजच्या बोलण्याचा विषय झाला आहे. परंतु अलीकडे तुलसीनगरात सायंकाळी चार सभासद एकत्र बसले म्हणजे निराळ्याच तेलाची गोष्ट निघते. हे तेल भूगर्भातले असते. एखाद्या लहान तेल-कंपनीचे भाग घ्यावेत काय, जुन्या क्षेत्रात पाणी सोडून ती उत्पादन दुप्पट करणार आहे म्हणतात ते खरे काय, असे प्रश्न आम्हांस वारंवार विचारले जातात. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे सविस्तर उत्तर देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभीच एक कबुली देणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी आम्हीही अशा एका कंपनीचे भाग घेतले होते. तिच्या माहितीपत्रकात जमिनीखालील तेलाचा आकडा मोठ्या टाइपात छापला होता. तो आम्ही वाचला. विहिरीतून तेलाबरोबर पाणी किती येते हा आकडा आतल्या पानावर बारीक टाइपात होता. तो आम्ही वाचला नाही. पुढे भागांची किंमत चौथाईवर आली, आणि घरातील एका लग्नासाठी बाजूस ठेवलेली रक्कम तीत अडकून पडली. कंपनीने काही लपविले नव्हते. चूक वाचणाराची होती. प्रस्तुत लेखाचा सारा आशय त्या एका चुकीत आला आहे : अशा कंपनीत पैसा घालणाराने तेलाच्या आकड्याआधी पाण्याचा आकडा वाचावा.

आणखी एक खुलासा. भूमी खोदण्याचा उद्योग पंधरा कर्मादानांत मोडतो. तेव्हा श्रावकाने त्यात पैसा घालावा की नाही हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या गुरुजनांस विचारून सोडवावा. आमचे विवेचन केवळ व्यापारी हिशेबापुरते आहे.

खडकातील तेल आणि घाण्यातील पेंड

भूगर्भात तेलाचे तळे असते असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तेल असते ते वालुकाश्म किंवा चुनखडक यांच्या बारीक छिद्रांत; मातीच्या माठाच्या अंगात जसे पाणी मुरलेले असते तसे. या छिद्रांतील तेल मोठ्या दाबाखाली असते व त्यात वायू विरघळलेला असतो. विहीर खोदताच दाब मोकळा होतो आणि सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्याप्रमाणे वायू उसळून तेलास बरोबर घेऊन वर येतो. यास पहिला उपसा म्हणता येईल. परंतु वायू निघून गेला की दाब मंदावतो, विहीर थकते आणि पंप बसवूनही उत्पन्न वर्षानुवर्षे घटत जाते. केवळ विरघळलेल्या वायूच्या जोरावर चालणाऱ्या पुष्कळशा क्षेत्रांत मूळ तेलाचा पाचवा हिस्साही पहिल्या उपशात हाती येत नाही. बाकीचे तेल खडकातच राहते.

आपल्या धंद्यातील उदाहरण घेतले तर ही गोष्ट तत्काळ ध्यानी येईल. घाण्यातून अगर दाबयंत्रातून निघालेली पेंड आपण कोरडी म्हणून विकतो. पण तीत सहा-सात टक्के तेल शिल्लक असते, आणि सॉल्व्हंटचा कारखाना तीच पेंड विकत घेऊन ते तेल काढतो व त्यावर नफा मिळवितो. जुने तेलक्षेत्र विकत घेणारी लहान कंपनी ही एका अर्थी पेंड घेणारा कारखानदार होय. मोठ्या कंपनीने पहिला उपसा करून सोडलेला माल ती घेते आणि दुसऱ्या उपशावर आपला संसार चालविते. फरक इतकाच, की सॉल्व्हंटवाल्यास पेंडीत किती तेल आहे हे प्रयोगशाळेत तासाभरात कळते. खडकातील तेलाचा मात्र अंदाजच करावा लागतो.

दुसऱ्या उपशाचे सर्वांत जुने व स्वस्त साधन म्हणजे पाणी. क्षेत्रातील काही विहिरींतून तेल काढावयाचे आणि काही विहिरींतून मोठ्या दाबाने पाणी आत सोडावयाचे. एक विहीर मध्ये व चार विहिरी चार कोपऱ्यांवर, अशी मांडणी बहुधा करतात. आत शिरलेले पाणी खडकातील दाब पुन्हा वाढविते आणि तेलास आपल्यापुढे ढकलीत तेलाच्या विहिरीकडे नेते. इंग्रजीत या पद्धतीस वॉटरफ्लडिंग म्हणतात. आपण तिला पाणीदाब पद्धती म्हणू. ती यशस्वी झाली तर पहिला व दुसरा उपसा मिळून मूळ तेलाचा सुमारे तिसरा हिस्सा, आणि खडक अनुकूल असल्यास त्याहूनही अधिक, हाती येऊ शकतो.

अपघाताने सापडलेली युक्ती

या पद्धतीचा शोध कोण्या एका शास्त्रज्ञाने लावलेला नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १८५९ मध्ये ड्रेकची प्रसिद्ध विहीर खोदली गेली आणि पुढील काही वर्षांत त्या मुलखात विहिरींचे पेव फुटले. १८६५ च्या सुमारास पिटहोल येथे काही विहिरींत वरच्या थरातील पाणी चुकून खाली उतरले, आणि शेजारच्या विहिरींचे तेल वाढल्याचे लोकांच्या नजरेस आले. १८८० मध्ये जॉन कार्ल या भूवैज्ञानिकाने पाण्याने तेल अधिक निघू शकेल असा विचार आपल्या अहवालात मांडला. सरकारला मात्र विहिरीत पाणी शिरणे म्हणजे तेलाची नासाडी वाटे. त्यामुळे त्या राज्यात १९२१ पर्यंत या पद्धतीस कायद्याची मान्यता नव्हती. मान्यता मिळाल्यावर ब्रॅडफर्ड या म्हाताऱ्या झालेल्या क्षेत्राने जणू कात टाकली. त्याच्या उत्पादनाचा पहिला कळस १८८१ च्या सुमारास झाला होता. पाण्याच्या जोरावर दुसरा कळस १९३७ मध्ये आला. छप्पन वर्षांनी आलेला हा दुसरा बहर पाहूनच जगभरच्या तेल-व्यावसायिकांना या पद्धतीचा विश्वास वाटू लागला.

आपल्या देशातील उदाहरणे पाहावयाची तर मुंबई हायचे नाव प्रथम घ्यावे लागेल. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात १९७४ च्या फेब्रुवारीत हे क्षेत्र सापडले, १९७६ च्या मे महिन्यात त्यातून तेल निघू लागले, आणि १९८४ पासून समुद्राचे पाणी शुद्ध करून त्याच्या खडकात सोडण्यास आरंभ झाला. १९८० च्या दशकात येथील दैनिक उत्पादन चार लाख पिंपांवर गेले होते. (एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर.) नंतर ते घटत गेले, सन २००० च्या सुमारास क्षेत्राच्या पुनर्विकासावर मोठा खर्च करावा लागला, आणि २०२५ च्या जानेवारीत घटते उत्पादन सावरण्यासाठी ओएनजीसीने बीपी या ब्रिटिश कंपनीस तांत्रिक साह्यासाठी निवडले. राजस्थानातील बाडमेरचे मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडले व २००९ मध्ये सुरू झाले. तेथील तेल मेणासारखे थिजणारे असल्यामुळे थुंबली येथील खारे भूजल तापवून आत सोडावे लागले, आणि पुढे पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट करावे लागले. ही दोन्ही क्षेत्रे प्रचंड असून त्यांच्यामागे प्रचंड भांडवल उभे होते. तरीही पाण्याने त्यांना श्रम करावयास लावले, ही गोष्ट लहान कंपनीचा विचार करणाराने विसरू नये.

आपल्या मध्य प्रदेशात शहडोल-अनूपपूर भागात कोळशाच्या थरांतील वायू काढला जातो. खनिज तेलाच्या विहिरी नाहीत. सबब आपणांपैकी कोणी क्षेत्रावर जाऊन चार गोष्टी डोळ्यांनी पाहील असा संभव कमी. आपला सारा भरवसा छापील कागदावर. म्हणूनच तो कागद वाचावा कसा हे शिकणे अवश्य आहे.

पाणी कोठे चुकते

पाण्याचा स्वभाव शेतकऱ्यास विचारावा. वाफ्यात पाणी सोडले आणि बांधात उंदराचे बीळ असले, तर सारे पाणी त्या बिळातून पळून जाते व पीक कोरडे राहते. खडकातही हेच घडते. एखादा थर अधिक मोकळा असला किंवा त्यात भेगा असल्या, तर पाणी त्याच वाटेने धावत जाऊन तेलाच्या विहिरीत उतरते, आणि आजूबाजूच्या घट्ट थरांतील तेल जागचे हलत नाही. तेल दाट असले तर ही चूक अधिक होते. कारण पातळ पाणी दाट तेलास ढकलण्याऐवजी त्यात बोटे घालून पुढे निघून जाते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जातीची. आत सोडावयाच्या पाण्यात गाळ असला तर खडकाची छिद्रे बुजतात. सूक्ष्म जंतू असले तर त्यांपासून विषारी वायू तयार होऊन नळ गंजतात. क्षारांचा मेळ बसला नाही तर नळांत व खडकात खडे धरतात. आणि काही खडकांतील चिकणमाती गोड्या पाण्याने फुगून वाटच बंद करते. म्हणजे पाणी फुकट मिळाले तरी ते आत सोडण्यालायक करावयास पैसा पडतो.

तिसरी गोष्ट काळाची. पहिल्या उपशात वायू निघून गेल्यामुळे खडकात पोकळी झालेली असते. आत सोडलेले पाणी प्रथम ती पोकळी भरते. त्यानंतरच तेल पुढे सरकू लागते. त्यामुळे पंप, नळ व विहिरी यांवर पैसा आज खर्च होतो, आणि तेल वाढलेले दिसते ते कित्येक महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी. या मधल्या काळात कंपनीचे पत्रक मोठे आशादायक असते व गल्ला मात्र रिकामा असतो.

जलांशाचा हिशेब

विहिरीतून वर येणाऱ्या एकूण द्रवात पाण्याचे प्रमाण शेकडा किती, या आकड्यास आपण जलांश म्हणू. पाणीदाब पद्धतीत हा जलांश आज ना उद्या वाढणारच. ते पद्धतीचे अपयश नव्हे. प्रश्न असतो तो वाढीच्या वेगाचा, आणि किती जलांशापर्यंत धंदा परवडतो याचा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका लहान कंपनीस पिंपामागे ५,५०० रुपये भाव मिळतो. त्यातून स्वामित्वशुल्क व सरकारी हिस्सा मिळून शेकडा ३० गेले, म्हणजे हाती राहिले ३,८५० रुपये. आता द्रव वर ओढणे, तेल व पाणी वेगळे करणे आणि ते पाणी पुन्हा आत दाबणे यास दर पिंप द्रवामागे २०० रुपये खर्च येतो असे धरू. हा खर्च द्रवाचा आहे. द्रवात तेल किती हे पंपास ठाऊक नसते.

जलांश शेकडा ५० असताना एक पिंप तेलासाठी दोन पिंपे द्रव ओढावा लागतो. खर्च ४०० रुपये. जलांश ८० झाला की पाच पिंपे. खर्च १,००० रुपये. ९० झाला की दहा पिंपे. खर्च २,००० रुपये. आणि ९५ झाला की वीस पिंपे. खर्च ४,००० रुपये, म्हणजे हाती राहिलेल्या ३,८५० रुपयांहून अधिक. ९० वरून ९५ हा कागदावर पाच टक्क्यांचाच फरक दिसतो. पण त्याने खर्च दुप्पट होतो व नफ्याचे नुकसान होते. पगार, व्याज, दुरुस्ती ही नित्याची देणी आपण यात धरलेलीच नाहीत. ती धरल्यास विहीर याहूनही आधी बंद करावी लागेल.

आता भाव ३,५०० रुपयांवर उतरला असे समजा. सरकारी हिस्सा जाऊन हाती २,४५० रुपये राहतात. जलांश ९० असता पिंपामागे केवळ ४५० रुपये सुटतात, आणि तो ९२ च्या घरात गेला की काहीच सुटत नाही. जी विहीर चांगल्या भावात चार वर्षे चालली असती ती पडत्या भावात आजच बंद करावी लागते. जमिनीखालचे तेल तेवढेच आहे, परंतु विकण्याजोगे तेल कमी झाले. कंपनीचा साठा हा भावाबरोबर वाढतो व घटतो, तो असा.

आणि भाव तर आपल्या हाती नसतो. २०१४ च्या मध्यास पिंपामागे ११५ डॉलरांच्या घरात असलेला भाव २०१६ च्या जानेवारीत ३० डॉलरांखाली आला होता. २०२० च्या २० एप्रिल रोजी अमेरिकेतील वायदेबाजारात तो शून्याखाली ३७ डॉलरांहून अधिक उतरला; म्हणजे विकणाराने माल नेण्यासाठी उलट पैसे द्यावयाचे! असे दिवस क्वचित येतात. पण लहान कंपनीस बुडवावयास एक वाईट वर्षही पुरते.

काळाचा हिशेब

व्याजाचे गणित आपल्या समाजास शिकवावे लागत नाही. तेव्हा दुसरे उदाहरण त्याच भाषेत देतो. समजा, पाणीदाब योजनेस आज ६० कोटी रुपये लागणार आहेत, आणि तिच्यामुळे दहा वर्षांत एकंदर सहा लाख पिंपे जादा तेल निघेल. सर्व खर्च वजा जाता पिंपामागे २,००० रुपये सुटले तर दरसाल १२ कोटी, म्हणजे दहा वर्षांत १२० कोटी रुपये येतील. पत्रकात लिहिलेले असते ते हे : साठाचे एकशेवीस.

परंतु दहा वर्षांनी येणारा रुपया हा आजचा रुपया नव्हे. व्याजाचा दर शेकडा १२ धरून पहिले उत्पन्न वर्षअखेर येईल असे मानले, तर या सर्व रकमेची आजची किंमत सुमारे ६८ कोटी होते. साठ घालून अडुसष्ट. धंदा बरा आहे, पण फार मोठा नाही. आता पोकळी भरण्यास अपेक्षेहून दोन वर्षे अधिक लागली असे धरा. तेल तेवढेच, भाव तोच, खर्चही तोच. पण आजची किंमत राहते ५४ कोटी. केवळ दोन वर्षांच्या विलंबाने नफ्याचा तोटा झाला! वेळेवर पण पाचवा हिस्सा कमी तेल निघाले, तरी किंमत तितकीच, म्हणजे ५४ कोटींच्या आसपास येते. तात्पर्य, अशा योजनेत उशीर झालेले तेल हे कमी निघालेल्या तेलाइतकेच नुकसान करते. म्हणूनच पाणीदाब योजना कर्ज काढून करणारी कंपनी पाहिली की आम्ही दोनदा विचार करतो. कारण खडक आपल्या सवडीने उत्तर देतो, आणि सावकाराचा हप्ता मात्र तारखेस येतो.

आपल्या देशातील व्यवस्था

भारतात खाजगी क्षेत्रातील लहान तेल-उत्पादक मोजकेच आहेत. एचडीएफसीचे संस्थापक एच. टी. पारेख यांनी १९८३ मध्ये हिंदुस्थान ऑइल एक्स्प्लोरेशन कंपनी स्थापिली. गुजरातमधील बाकरोल, लोहार यांसारखी छोटी क्षेत्रे सेलान एक्स्प्लोरेशन या कंपनीने चालविली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये लहान सापडलेल्या क्षेत्रांविषयी स्वतंत्र धोरण ठरविले आणि २०१६ मध्ये पहिल्या फेरीत ६७ क्षेत्रे लिलावास ठेविली. मुंबईच्या समुद्रातील बी-८० हे क्षेत्र याच फेरीत हिंदुस्थान ऑइलच्या पुढाकाराने घेतले गेले व २०२२ मध्ये त्यातून उत्पादन सुरू झाले. ही नावे माहितीसाठी दिली आहेत. त्यांचे भाग घ्यावेत किंवा घेऊ नयेत असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही.

करांच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. कच्चे तेल हे २०१७ पासून आजपर्यंत जीएसटीच्या बाहेर आहे. त्यामुळे यंत्रे, नळ व सेवा यांवर कंपनीने भरलेला जीएसटी तेलाच्या विक्रीवर वजा मिळत नाही. तो सरळ खर्चात पडतो. आपल्यासारख्या, दरमहा जमेचा हिशेब जुळविणाऱ्या व्यापाऱ्यास याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरे असे, की भाव फार चढले म्हणजे सरकार आपला हात पुढे करते. २०२२ च्या जुलैत कच्च्या तेलावर विशेष जादा कर बसला, तो २०२४ च्या डिसेंबरात उठला. आधीच्या वर्षी २० लाख पिंपांहून कमी उत्पादन असलेल्या कंपन्यांना त्यातून सूट होती, हे लहानांचे भाग्य. पण प्रत्येक वेळी अशी सूट मिळेलच असे धरून चालू नये. शिवाय प्रत्येक क्षेत्राचा सरकारशी झालेला करार निराळा असतो. सरकारी हिस्सा किती आणि कराराची मुदत केव्हा संपते, हे त्या त्या करारातच पाहावे लागते. दुसऱ्या उपशास पंधरा वर्षे लागणार आणि करार सात वर्षांत संपणार असेल, तर उरलेल्या आठ वर्षांचे तेल आपले म्हणता येत नाही.

मागे राहणारे देणे

एका खर्चाकडे मात्र पत्रकात क्वचितच लक्ष वेधलेले असते. तेल संपल्यावर विहिरी सिमेंटने बुजवाव्या लागतात, जमीन पूर्ववत करावी लागते, आणि पाणी दाबणाऱ्या विहिरीचे नळ फुटून खारे पाणी गावच्या गोड्या पाण्यात मिसळणार नाही याची व्यवस्था करावी लागते. हा खर्च शेवटी येतो. म्हणजे उत्पन्न बंद झालेले असते तेव्हा. आम्हां भोपाळकरांना हे निराळे सांगावयास नको. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्रीनंतर बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातील ३३७ टन घातक कचरा शहराबाहेर जावयास २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला. दोन घटनांची तुलना होऊ शकत नाही. पण उद्योग निघून जातो आणि त्याचे देणे मागे राहते, हा धडा या शहराने जन्माचा गिरविला आहे. ज्या कंपनीने विहिरी बुजविण्यासाठी दरसाल रक्कम बाजूस ठेविली आहे, तिचा नफा थोडा कमी दिसला तरी तो खरा नफा समजावा.

विचारावयाचे प्रश्न

वरील विवेचनावरून आम्ही स्वतःपुरते काही प्रश्न ठरविले आहेत, ते सभासदांपुढे ठेवतो.

पहिला प्रश्न : गेल्या पाच वर्षांचा जलांश वर्षवार काय आहे? जी कंपनी केवळ तेलाचा आकडा देते व पाण्याचा देत नाही, तिच्याविषयी सावध असावे.

दुसरा : द्रव जितका काढला तितके पाणी आत सोडले काय? हा खडकाचा जमाखर्च होय. जमा कमी व खर्च अधिक असेल तर दाब पुन्हा खाली जाणार हे निश्चित.

तिसरा : पाणी सोडल्यावर शेजारच्या विहिरींचे तेल खरोखर वाढले काय, की नव्या विहिरी खोदल्यामुळे एकूण आकडा वाढला? नव्या विहिरीचे उत्पन्न पहिल्या वर्षी चांगले असतेच. त्यास पाण्याचे यश समजू नये. सबंध क्षेत्राआधी एका तुकड्यावर प्रयोग करून पाहणारी कंपनी आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटते.

चौथा : साठ्यापैकी सिद्ध किती व संभाव्य किती, आणि तो अंदाज स्वतंत्र तज्ज्ञाने केला आहे काय? सिद्ध साठा म्हणजे निदान तेवढे तेल निघण्याची शक्यता शेकडा ९०; सिद्ध व संभाव्य मिळून जो आकडा देतात त्याची शक्यता शेकडा ५० मानतात. आणि ‘जमिनीखाली असलेले तेल’ हा आकडा तर साठाच नव्हे. पेंड आणि तेल यांची ती बेरीज होय.

पाचवा : कोणत्या भावाखाली कंपनीस तोटा होतो, आणि त्या भावात ती दोन वर्षे तग धरील इतकी शिल्लक तिच्यापाशी आहे काय? कर्ज किती, व त्याचे हप्ते केव्हा सुरू होतात?

सहावा : विहिरी किती आहेत? वीस विहिरींतील एक बिघडली तर विसावा हिस्सा जातो. तिहींतील एक बिघडली तर तिसरा हिस्सा जातो.

या सहा प्रश्नांची उत्तरे वार्षिक अहवालात बहुधा विखुरलेली सापडतात. न सापडल्यास भागधारकास वार्षिक सभेत विचारण्याचा अधिकार आहे, आणि तो आपण बजावला पाहिजे. सभेत चहा घेऊन परत येणारा भागधारक कोणत्याच कंपनीस शहाणे करीत नाही.

समारोप

यावरून पाणीदाब पद्धतीवर चालणारी लहान कंपनी नेहमीच वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. खडक ठाऊक असलेला, तेल पातळ, पाणी जवळ, कर्ज थोडे आणि चालक सचोटीचे, असा योग जुळला तर जुने क्षेत्रही अनेक वर्षे संथ व नियमित उत्पन्न देते. ब्रॅडफर्डच्या दुसऱ्या बहराने हे दाखविले आहे. परंतु असा धंदा हा घटत्या मालाचा धंदा आहे. येणाऱ्या लाभांशात आपले मूळ भांडवलही थोडे थोडे परत येत असते, हे जाणून तो सर्वच्या सर्व खर्चून टाकू नये. ज्या रकमेवर घरातील लग्न, मुलांचे शिक्षण किंवा वडीलधाऱ्यांचे औषधपाणी अवलंबून आहे, ती रक्कम या वाटेस जाऊ देऊ नये. उरलेल्या पैशातूनही लहानसाच हिस्सा घालावा आणि तो बुडाला तरी दुकानाचे दार दुसऱ्या दिवशी वेळेवर उघडेल इतपतच असावा.

भोपाळ हे तळ्यांचे शहर आहे. तळ्यात पाणी किती आहे हे आपण दर पावसाळ्यात आवर्जून पाहतो, कारण पुढील वर्ष त्यावर काढावयाचे असते. तेल-कंपनीचा अहवाल हाती येईल तेव्हाही तीच सवय ठेवावी. पहिल्या पानावरील तेल वाचण्याआधी आतल्या पानावरील पाणी शोधावे. आम्ही ते एकदा शोधले नाही आणि त्याची किंमत दिली. आमच्या बंधुभगिनींवर ती देण्याची पाळी येऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.